घराघरातली ललिता पवार

लहानपणी आमच्या घरात दादीला तिच्या पाठीमागे ‘ललिता पवार’ म्हणत. म्हणणाऱ्या म्हणजे माझी अम्मी आणि दोन्ही चाच्या. दादी बांगड्यांचा धंदा करायची. आर्णी, दिग्रस, दारव्हा इकडच्या आठवडी बाजारांत बांगड्यांची पेटी घेऊन बसायची. दादाजी लवकर गेले, तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. साखर तिच्या कुलपात, तेल तिच्या कुलपात. एखाद्या सुनेनं माहेरी जायचं नाव काढलं, की दादीचा एक डोळा बारीक व्हायचा, असं निदान आम्हा पोरांना वाटायचं. आम्ही मुसलमान. घरात हिंदी-उर्दूची खिचडी, दाराबाहेर वऱ्हाडी. ललिता पवार ही बाई मराठी आहे, हेसुद्धा तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या पाटलांच्या घरी, पलीकडच्या गल्लीत, बौद्धपुऱ्यात, सगळीकडे खाष्ट सासूला हेच नाव होतं. जात कोणती का असेना, धर्म कोणता का असेना, सासूचं नाव एकच.

हे आठवायचं कारण असं. मध्यंतरी एका कॉलेजात जुन्या सिनेमावर बोलायला गेलो होतो. हल्ली ‘लेजंड’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दोन सिनेमे चालले की नट लेजंड, एक गाणं गाजलं की गायक लेजंड. मी बोलण्याच्या ओघात ललिताबाईंना लेजंड म्हणून गेलो. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पण त्या तर छळ करणाऱ्या सासूचंच काम करायच्या ना? मग लेजंड कशा?” मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

आधी शब्दाचंच बघू. इंग्रजीतल्या ‘लेजंड’चे दोन अर्थ आहेत. एक, फार मोठा, कीर्तिवंत माणूस. दुसरा, लोकांच्या तोंडून तोंडी चालत आलेली, पुराव्याची फारशी फिकीर न करणारी गोष्ट. या दुसऱ्या अर्थाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, दंतकथा. गंमत अशी, की ललिताबाई या दुसऱ्या अर्थानं कधीच्याच लेजंड झालेल्या आहेत. त्यांच्याभोवती दंतकथा इतक्या जमल्या, की पहिल्या अर्थाचा हिशेब करायचा राहून गेला.

सर्वांत मोठी दंतकथा थपडेची. ती तुम्हीही ऐकली असेल. १९४२च्या सुमाराला ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. हेच भगवानदादा पुढे ‘अलबेला’मुळे घरोघर पोचले. त्या दिवशी हात जरा जास्तच जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्याला इजा झाली आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. इथपर्यंत घटना आहे. यापुढे दंतकथा सुरू होते. ती सांगते, की चेहरा बिघडल्यामुळे नायिकेची खलनायिका झाली. थप्पड बसली नसती, तर ललिता पवार घडल्याच नसत्या.

ही गोष्ट ऐकायला चटकदार आहे, पण तीत बाईंच्या मेहनतीला जागाच नाही. एका पुरुषाचा हात चुकला आणि एक मोठी नटी तयार झाली, असा तिचा अर्थ होतो. मला तो मान्य नाही. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

ललिताबाईंचं मूळ नाव अंबा सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६चा, नाशिक जिल्ह्यातल्या पैठणीच्या येवल्याचा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत ही पोर लहान वयातच कामाला लागली. १९२८च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात ती बालकलाकार म्हणून होती. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ वेगळा, तो १९१३चा. भल्या घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नव्हत्या असा तो काळ. मूकपट-बोलपटांतल्या बायका बऱ्याचशा कलावंतिणींच्या घरातल्या, नाहीतर अँग्लो-इंडियन, ज्यू आणि मुसलमान होत्या. १९३१च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा होती. कोल्हापूर-पुण्याच्या मराठी कंपन्यांनी मराठी मुली पुढे आणल्या, त्यांतली ही एक. दिग्दर्शक जी. पी. पवार यांच्याशी लग्न झालं आणि अंबा सगुणची ललिता पवार झाली.

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले तीसएकच आज शिल्लक आहेत, असं जाणकार सांगतात. बाकीचे जळले, कुजले, भंगारात गेले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली, तोवर उशीर झालेला होता. त्यानंतरही २००३च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या ज्वालाग्राही फिल्मचा मोठा साठा गेला. पण जे थोडं वाचलं, त्यात ‘दिलेर जिगर’ आहे. साल १९३१, दिग्दर्शक जी. पी. पवार, नायिका ललिता पवार. तलवारबाजीचा, मारामारीचा सिनेमा. ज्यांना ललिता पवार म्हटलं की पांढरं लुगडं आणि वाकडं तोंड एवढंच आठवतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं, की पंधरा वर्षांची ही मुलगी साहसपटाची नायिका होती.

आणि ती नुसती नायिका नव्हती. १९३२च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. १९३८ साली तिनं ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला. तो टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर आधारलेला होता. बड्या घरच्या तरुणानं फसवलेली एक मोलकरीण, पुढे तिच्यावर चाललेला खटला, आणि न्याय द्यायला बसलेल्यांत तोच तरुण, असं त्या कादंबरीचं कथानक आहे. बावीस वर्षांच्या मराठी बाईनं पदरचे पैसे घालून टॉलस्टॉय पडद्यावर आणावा, ही गोष्ट आपल्या किती जणांना माहीत आहे? थप्पड मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता थपडेनंतरचं बघू. उपचारांत तीन वर्षं गेली असं सांगितलं जातं. पण १९४४ साली ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. त्यात रामशास्त्री प्रभुणे झाले गजानन जागीरदार आणि आनंदीबाई झाल्या ललिता पवार. म्हणजे एका डोळ्याचं दुखणं घेऊन ही बाई फार दिवस घरी बसलेली नव्हती. तिनं मराठी माणसाच्या मनातली सर्वांत अवघड भूमिका स्वीकारली होती. कारण आनंदीबाई हीसुद्धा एक दंतकथाच. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हाही इतिहास. पण ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईनं केलं, हे ‘ध’चा ‘मा’ प्रकरण मात्र आख्यायिकेतच मोडतं. त्याला भक्कम कागद नाही. कट पुरुषांचा, तलवारी गारद्यांच्या, आणि अडीचशे वर्षं म्हणीत अडकून पडली ती एक बाई.

मला वाटतं, ललिताबाईंच्या पुढच्या सगळ्या प्रवासाचं सार इथे आहे. घरातल्या, समाजातल्या पापाचं खापर ज्या बाईच्या डोक्यावर फोडायचं, ती बाई उभी करण्याचं काम आपल्या सिनेमानं त्यांच्यावर सोपवलं. १९५० साली व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ आला. हुंड्यासाठी सुनेला जगू न देणारी सासू म्हणजे ललिता पवार. हुंडाबंदीचा कायदा यायला तेव्हा अकरा वर्षं होती, तो १९६१चा. बायका तंबूत बसून त्या सासूला शिव्या घालत. घरी सुनांना उघड बोलता येत नव्हतं, ते त्या अंधारात बोलून घेत.

इथे त्या कॉलेजातल्या मुलीचं म्हणणं मला अर्धं पटतं. आपल्या सिनेमानं दुष्टपणा नेमका म्हाताऱ्या विधवेच्या पदरात घातला. हुंडा मोजून घेणारा सासरा पडद्यावर बिचारा, बायकोपुढे गप्प बसणारा. नवरा तर आईच्या आज्ञेतला गरीब प्राणी. सगळा विषारीपणा तेवढा सासूच्या डोळ्यात. म्हणजे बाईची वैरी बाई, हा निकाल आधीच लागलेला. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे जास्त टोचतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. नवऱ्यामागे कर्जाचे कागद, शेत आणि लेकरं सांभाळणाऱ्या बायका इथे गावोगाव आहेत. त्यांनी घर चालवायला किल्ल्या हातात घेतल्या, आवाज चढवला, की त्यांनाही ‘ललिता पवार’ म्हणायला लोक मोकळे. हे नाव दिल्यानं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही.

पण भूमिका लिहिणारे वेगळे आणि ती वठवणारी वेगळी. ललिताबाईंचं मोठेपण मला दिसतं ते इथे. त्यांनी अशा बाईला नुसतं राक्षसीण केलं नाही. तिला कारणं दिली. १९५९चा बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आठवा. अस्पृश्य घरातली एक अनाथ मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते आणि घरातली म्हातारी तिचा विटाळ मानते. ती म्हातारी ललिता पवार. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आमच्या विदर्भात हा विषय पुस्तकातला नव्हता, पाणवठ्यावरचा होता. ललिताबाईंची म्हातारी आरडाओरडा करणारी दुष्ट बाई नाही. ती देवभोळी आहे, घरावर माया करणारी आहे, आणि तरीही त्या मुलीला अंगाला लागू देत नाही. अस्पृश्यता अशीच तर चालत होती! राक्षस पाळत नव्हते ती, भली माणसं पाळत होती. हे एका नटीनं मानेच्या एका झटक्यात दाखवलं.

दुसरं उदाहरण ‘प्रोफेसर’चं, १९६२चं. शम्मी कपूर म्हातारा मास्तर बनून एका घरात शिकवायला राहतो. त्या घरातली कडक मावशी ललिता पवार. तिला त्या नकली म्हाताऱ्याची ओढ वाटू लागते. थिएटर हसतं. पण ती जेव्हा आरशासमोर उभी राहून नटते, लाजते, तेव्हा त्या हसण्यात काहीतरी अडकतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुली सांभाळत वाळून गेलेली ही बाई, हिलाही कधी कुणी चांगलं म्हणावंसं वाटत असेल, हे एकदम लक्षात येतं. विनोदी प्रसंगात अशी हळवी जागा सापडायला दांडगा नट लागतो.

तिसरं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’, १९५९चा. मिसेस डिसा ही ख्रिश्चन घरमालकीण. तोंडानं भाड्यावरून राज कपूरवर खेकसायचं आणि हातानं त्याला जेवू घालायचं. शेवटी भेसळीच्या औषधानं ती मरते आणि खुनाचा आळ येतो तो तिनं पोरासारखा जपलेल्या त्या भाडेकरूवर. या कामासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याआधी १९५५च्या ‘श्री ४२०’मध्ये त्या केळी विकणाऱ्या गंगामाई झाल्या होत्या. एका-दोन आण्यांसाठी हुज्जत घालणारी आणि रस्त्यावर आलेल्या पोरावर जीव लावणारी. १९७१च्या ‘आनंद’मधली कडक मेट्रन याच घराण्यातली. येवल्याची बाई मुंबईतली ख्रिश्चन डिसाबाई झाली आणि कुणाला ती परकी वाटली नाही.

मराठीतल्या मोठ्या नट्यांची आठवण काढताना आपण दुर्गाबाई खोटे यांचं नाव घेतो. ते घ्यायलाच हवं. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाईपर्यंत त्यांचा राजेशाही दरारा होता. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. सुलोचनादीदींचं नाव घेतो. त्या पडद्यावरची माया होत्या. २००९चा ‘महाराष्ट्रभूषण’ त्यांना मिळाला, आणि २०२३च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा सगळ्यांना आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. ललिताबाईंना १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण फाळके पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या, त्या वेळी जवळ कुणी नव्हतं. सुलोचनादीदींसारखी आई प्रत्येकाला हवी असते. ललिताबाईंसारखी बाई मात्र प्रत्येकाच्या घरात असते, आणि जी घरात असते तिचा सत्कार करायचं आपल्याला सुचत नाही.

त्यांनी सातशेवर सिनेमे केले असं म्हणतात. आकडा खरा असेल, थोडा कमी-जास्तही असेल. ज्यांच्या सुरुवातीच्या कामाच्या फिल्मच उरल्या नाहीत, त्यांचा हिशेब नीट लागणार कसा? पण मला त्या आकड्याची गरज वाटत नाही. एका माणसाचं नाव लोकांच्या बोलीत सामान्यनाम होऊन बसतं, हे क्वचित घडतं. दुर्गुणासाठी आपण पूर्वी कैकयी, शकुनी, मंथरा अशी पुराणातली नावं वापरत होतो. विसाव्या शतकात त्या रांगेत एका जिवंत नटीचं नाव जाऊन बसलं. मग त्यांना लेजंड म्हणावं का? माझं उत्तर आहे, म्हणावं. फक्त थपडेची गोष्ट मागे ठेवावी आणि ‘दुनिया क्या है’, ‘रामशास्त्री’, ‘सुजाता’, ‘अनाडी’ पुढे आणावे. डोळा अपघातानं बारीक झाला. त्या डोळ्यात कधी जरब, कधी लाज, कधी पाणी आणायचं, हे काही अपघातानं येत नाही.

आता पुन्हा दादीकडे येतो. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आम्ही रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जाऊन बसायचो. सगळी गल्ली तिथे असायची, हिंदू-मुसलमान सगळे. मंथरा पडद्यावर आली, काठी टेकत, वाकून. वयाची सत्तरी ओलांडलेल्या ललिता पवार. बाया बोटं मोडू लागल्या. इतक्यात मागून दादीचा आवाज आला, “अरे, ये तो अपनी डिसाबाई है रे!” सगळे हसले. दादीनं जन्मात दोन-तीनच सिनेमे पाहिले होते. त्यांतला ‘अनाडी’ आर्णीच्या उर्सात तंबूमध्ये पाहिलेला. मी तेव्हा अगदी लहान, तिच्या मांडीवर बसलेला होतो. डिसाबाई मेल्यावर दादी पदरानं डोळे पुसत होती, एवढं मला आठवतं. ज्या बाईच्या नावानं सुना आपल्याला हाक मारतात, ती बाई दादीच्या लेखी सासू नव्हती, मंथराही नव्हती. ती घर चालवणारी, तोंडाची तिखट, आतून जीव लावणारी एक एकटी बाई होती. दादीनं तिला बरोबर ओळखलं होतं.

दादीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अब्बाही गेले. किल्ल्या अम्मीच्या कमरेला आल्या. गेल्या ईदला माझ्या सुना स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजून हसत होत्या. अम्मी आत गेली तशा गप्प झाल्या. अम्मी मला म्हणाली, “मालूम है मेरे को, क्या बोल रहे थे. मैं भी बोलती थी.” मग जरा थांबून म्हणाली, “तेरी दादी को बहुत बोले हम लोग.” आणि कमरेची किल्ली काढून तिनं साखरेचा डबा सुनांपुढे सरकवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)